इंदूमावशी टीव्हीवर दिसली तेव्हा

सध्या आमच्या घरी रविवारची सकाळ एका माहितीपटांच्या मालिकेनं सुरू होते. मुलाला आणि सुनेला ती फार आवडते. मी शाळेत होते त्या दशकावर आहे ती. छपरांवरचे अँटेना, सायकलींची गर्दी, रेशनच्या दुकानापुढची रांग, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एका टीव्हीपुढं बसलेलं अख्खं गाव. मागून एक बाई मधाळ आवाजात सांगत असते की माणसं तेव्हा थोडक्यात कशी सुखी होती, घरांची दारं दिवसभर कशी उघडी असायची. सून म्हणते, आई, किती निवांत होतं हो तुमचं सगळं. मी हो म्हणते. पण मालिकेच्या सुरुवातीला त्या काळच्या प्रक्षेपणाची ती जुनी धून वाजते आणि माझे तळहात गार पडतात. बाकीचे त्या धुनेनं हळवे होतात. मी काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जाते. आमच्या घराचं दार त्या हिवाळ्यात भरदिवसासुद्धा आतून लावलेलं असायचं. ते का, हे कुठंतरी लिहून ठेवावं असं आता वाटू लागलं आहे.

आमचं गाव आर्णीच्या अलीकडं, सडकेपासून थोडं आत. घर बेताचंच होतं. पुढं अंगण, मग पडवी, एका बाजूला चुलीची खोली, आणि मागं एक मोठी खोली जी वर्षातले काही महिने आमची नसायचीच. वेचणी सुरू झाली की त्या खोलीत कापूस भरायचा. आधी गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा, आणि संक्रांतीपर्यंत पार आढ्याला टेकायचा. आम्ही पोरं त्यात उड्या मारायचो, आणि रात्रभर अंग खाजवत बसायचो. त्या खोलीत गेलं की बाहेरचा आवाज एकदम बंद व्हायचा. गोठ्यातली घंटी, मायची भाकर थापण्याची थपथप, बाबांचं खोकणं, सगळं कुठंतरी दूर गेल्यासारखं वाटायचं. आणि एक ऊबट, धुळकट वास. थंडीच्या दिवसांत माय तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, भाजी करायची, जवसाची चटणी असायची, आणि आम्ही चुलीपाशीच ताटं घेऊन बसायचो. हे सगळं त्या मालिकेत दाखवतात तसंच होतं. ते खोटं नाही दाखवत. फक्त भ्यालेलं घर बाहेरून इतर घरांसारखंच दिसतं, हे त्यांना ठाऊक नसावं.

इंदूमावशी आमच्याकडं आली ती दिवाळीच्या जरा आधी, ऐन दुपारी. ती मायची मामेबहीण. कडेवर चार-पाच वर्षांची चिमी, हातात एक पिशवी, आणि कानाच्या वर केसांत वाळलेलं रक्त. मायनं तिला आत घेतलं. पाणी तापवलं, जखम धुतली, हळद भरली. मग चिमीला दूधभाकर कुस्करून दिली आणि मला म्हणाली, नंदे, हिले घेऊन मांगच्या खोलीत खेळ. दारातून मला जेवढं ऐकू आलं, तेवढ्यावरून मला समजलं की मावशीचा नवरा राजूरकडं कोळशाच्या खाणीत कामाला होता आणि तो तिला मारायचा. ती दोनदा माहेरी गेली होती. दोन्ही वेळा तो गोड बोलून घेऊन गेला, आणि तिच्या बापानंच तिला पाठवलं. या खेपेला त्यानं पोरीलाही उचलून विहिरीवर धरलं होतं. म्हणून ती माहेरी न जाता आमच्याकडं आली. मी पोटात असल्यामुळं माय त्यांच्या लग्नाला गेली नव्हती. नंतरही येणंजाणं झालं नव्हतं. असं एक घर या जगात आहे हे त्या माणसाला माहीत नव्हतं.

संध्याकाळी बाबा वावरातून आले. मायनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तंबाखू मळली, मग म्हणाले, "राहू दे. वेचाईले हात लागतेतच." बस, एवढंच. गावात सांगायचं ठरलं की ही बाबांच्या दूरच्या नात्यातली शांता, हिंगोलीकडची, नवरा बाहेरगावी कामाला. इंदू हे नाव आमच्या घरात बंद झालं. चिमीला समजावलं की पुढच्या अंगणात जायचं नाही आणि कोणी विचारलं तरी बाबाचं नाव सांगायचं नाही. ती शहाणी पोर होती. कोणी घरी आलं की न सांगता उठून मागच्या खोलीत जायची.

पहिले काही आठवडे मावशी घराबाहेर पडली नाही. सडकेवरून फटफटीचा आवाज आला की तिच्या हातातलं काम थांबायचं. आवाज पुढं निघून गेला की पुन्हा सुरू व्हायचं. मला ते आधी विचित्र वाटायचं, मग माझंही तसंच होऊ लागलं. शाळेत बाकावर बसल्या बसल्या मी आवाज ओळखायला शिकले. डॉक्टरची फटफटी कोणती, सोसायटीच्या सचिवाची कोणती. अनोळखी आवाज आला की पाटीवरचं डोळ्यांपुढून पुसलं जायचं.

वेचणी जोरात आल्यावर मावशी वावरात जायला लागली. आमच्याकडं शेजारच्या तांड्यावरच्या बाया वेचायला यायच्या. त्यांची पुढारी सोनकीबाई. हातभर बांगड्या, मोठा आवाज, आणि जिभेला हाड नाही. तिनं मावशीला काही विचारलं नाही, पण पहिल्या दिवसापासून आपल्या शेजारच्या ओळीत घेतलं. कमरेला कापूस टाकायची ओटी बांधून मावशी खाली मान घालून वेचायची, आणि सोनकीबाई दोघींच्या वाट्याचं बोलायची.

अशातच एक दिवस सरकारी जीप आली. टीव्हीवाले होते. कापसावर एक माहितीपट करायचा होता त्यांना, आणि तालुक्याच्या साहेबानं आमचं वावर दाखवलं होतं, कारण ते सडकेला लागून होतं. बाबा त्या वेळी पंप दुरुस्तीला आर्णीला गेलेले. मी शाळेला सुटी म्हणून वावरात होते. कॅमेरेवाल्यानं बायांना सांगितलं, तुम्ही तुमचं काम करा, आमच्याकडं पाहू नका. तो एक डोळा मिटून, मशीन खांद्यावर घेऊन ओळीओळीनं मागं सरकत होता. सोनकीबाई हळूच म्हणाली की हा बाप्या सकाळपासून एक डोळा मारून राह्यला, याचं लग्न लावून द्या कोणी. आणि मावशी हसली. आमच्याकडं आल्यापासून पहिल्यांदा. मान वर करून, तोंडावर हातही न ठेवता. कॅमेरा नेमका तिच्यासमोर होता.

जीप गेली तेव्हा मीसुद्धा खूश होते. घरी येऊन मी मायला सगळं रंगवून सांगितलं. माय पीठ मळत होती. तिचा हात परातीतच राहिला. तिनं विचारलं, हे टीव्हीवर लागन? मी म्हटलं, हो मंग. तिनं विचारलं, राजूरलेही दिसन? मग मला समजलं. सगळीकडं एकच कार्यक्रम दिसायचा. खाणीच्या वसाहतीत टीव्ही होता, हे मावशीनंच आम्हाला सांगितलं होतं. पाळी सुटली की सगळी माणसं तिथं जाऊन बसत.

बाबा साहेबाला भेटून आले. तो म्हणाला, फिल्म दिल्लीला गेली, कधी लागेल सांगता येत नाही, लागेल की नाही तेही सांगता येत नाही. तुम्हाला तर आनंद व्हायला पाहिजे. बाबा नमस्कार करून निघाले. खरं कारण सांगायचं म्हणजे मावशीचं नाव सांगायचं.

तेव्हापासून मायनं मला एक काम लावलं. ग्रामपंचायतीच्या टीव्हीला लाकडी पेटी होती, तिला कुलूप. संध्याकाळी शिपाई कुलूप काढायचा आणि ती धून सुरू व्हायची. मी रोज जाऊन बसायचं आणि कापसाचं काही लागलं का ते पाहायचं. गावातली माणसं गोधड्या पांघरून, शेंगा फोडत, हसतखिदळत बसायची. पोरं पुढं जागा धरायला भांडायची. मी कडेला बसून बातम्या पाहायचे, खतांची माहिती पाहायचे, न कळणारी गाणी आणि भाषणं पाहायचे, आणि प्रत्येक नव्या चित्रात आधी कापूस आहे का ते शोधायचे. कार्यक्रम संपला की पळत घरी. दारात माय उभी असायची. मी नकारार्थी मान हलवायचे. ती चुलीकडं वळायची. मावशी ताटं घ्यायची. परवा सुनेच्या मैत्रिणी आल्या होत्या, त्या म्हणाल्या, सगळं गाव एकत्र बसून टीव्ही पाहायचं, काय मजा असेल ना. मी त्यांना शेंगांचं सांगितलं. तेही खरंच आहे.

संक्रांत झाली आणि एका संध्याकाळी ते लागलं. आधी बोंडांचं चित्र, मग बैलगाड्या. निवेदकानं आर्णी तालुक्याचं नाव घेतलं, पाठोपाठ आमच्या गावाचं घेतलं, आणि ओट्यावर नुसता कल्ला झाला. सोनकीबाई दिसली. बाबांचं वावर दिसलं. आणि मग मावशी. सगळा पडदा भरून तिचा चेहरा, हसणारा. मला वाटलं तो आता जाईल, पण जाईना. कोणीतरी म्हणालं, अरे ते शांता हाय ना. लोक टाळ्या वाजवत होते. मी उठून घराकडं पळाले.

त्या रात्री दार लावून सगळे चुलीपाशी बसले. माय म्हणत होती की हिला पहाटेच्या गाडीनं पुसदला धाडू, तिथं बाबांची चुलतबहीण आहे. मावशी चिमीला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "किती गावं बदलू बाई? पोरगी मोठी व्हाची हाय." बाबा म्हणाले, त्यानं पाह्यलंच असंल असं काही नाही. आम्ही सगळ्यांनी त्या वाक्याला धरून ते दिवस काढले. त्यानं पाह्यलंच असंल असं काही नाही. खाणीत त्याची पाळी असेल. वीज गेली असेल.

त्यानं पाहिलं होतं.

तो आला तेव्हा अकरा-बाराचं ऊन होतं. बाबा बाजारात, मावशी वावरात शेवटच्या वेचणीला. मला ताप होता म्हणून मी घरी होते. फटफटीचा आवाज सडकेवरून वळला आणि मी ओळखलं की हा आवाज आपल्या गावातला नाही. तो चौकात थांबला. नंतर कळलं की त्यानं फक्त एवढंच विचारलं होतं, टीव्हीवर दाखवलेलं वावर कोणाचं? आणि लोकांनी मोठ्या अभिमानानं त्याला आमच्या दारापर्यंत आणून सोडलं.

मायनं चिमीला उचललं, मला दंडाला धरलं आणि मागच्या खोलीत लोटलं. कापूस आढ्यापर्यंत होता. आम्ही हातांनी उकरत आत शिरलो आणि वरून कापूस ओढून घेतला. कडी लागल्याचा आवाज आला. आत श्वास घेतला की नाकात तंतू जायचे. चिमी माझ्या पोटाशी होती. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

कापसातून सगळं ऐकू येत नव्हतं, पण माणूस भिंतीपलीकडंच होता. मी मोठ्या आवाजाची वाट पाहत होते. त्याचा आवाज मऊ होता. त्यानं पाणी मागितलं. पाणी दिल्यावर मायला ताई म्हणाला. म्हणाला की माझी बायको हरवली, डोक्यानं जरा कमी आहे, सोबत लहान पोरगी आहे, तुमच्या वावरात वेचताना दिसली. माय म्हणाली, वेचाईले पन्नास बाया येतात, दहा गावच्या, मी कोणाकोणाले ओळखू. तिचा आवाज मला परका वाटला. मग बराच वेळ काहीच नाही. मायनं नंतर सांगितलं की तेव्हा तो अंगणातल्या दोरीपाशी गेला होता. दोरीवर चिमीचा फ्रॉक वाळत होता. त्यानं तो काढला, नीट घडी घातली आणि खाटेवर ठेवला. हा कोणाचा, असं काही त्यानं विचारलं नाही.

मग त्यानं मागच्या खोलीची कडी काढली.

माझ्या बंद डोळ्यांवर उजेड आला. तो म्हणाला, "लय कापूस झाला ताई तुमच्याकडं." आणि त्यानं ढिगात हात घातल्याचा आवाज आला. कापसात हात घातला की एक हलका करकर आवाज होतो. तो आमच्यापासून किती लांब होता ते मला आजही सांगता येत नाही. त्यानं हाक मारली, "चिमे. खाऊ आणला व पोरी तुह्यासाठी."

बापाची हाक होती ती. पोर किती लहान. मला वाटलं आता हिचा हुंकार निघणार, आता ही हलणार. मी हात घट्ट दाबला. चिमी हलली नाही. तिचं काळीज पाखरासारखं उडत होतं, पण ती हलली नाही. बऱ्याच वेळानं उजेड गेला. कडी लागली. फटफटी सुरू झाली, आणि आवाज वावराच्या दिशेनं गेला. पाठोपाठ मायच्या धावण्याचा आवाज. ती आम्हाला काढायला थांबली नाही.

वावरात काय झालं ते मी पाहिलं नाही. सोनकीबाई मात्र पुढं कैक वर्षं सांगायची, म्हणून ते मला पाहिल्यासारखंच आहे. बाया निंबाखाली भाकरी सोडून बसल्या होत्या. तो वावराच्या कडेच्या धुऱ्यावर उभा राहून म्हणाला, इंदू. कोणी वर पाहिलं नाही, कारण इंदू तिथं कोणीच नव्हतं. मावशीनं तशीच मान खाली ठेवली असती तरी चाललं असतं, निदान एखादा क्षण. सोनकीबाईनं विचारलं, कोण इंदू? आणि मावशी भाकर खाली ठेवून उभी राहिली.

"मी," ती म्हणाली. मग त्याला म्हणाली, "मी येत नाही. पोरगीही येत नाही. माराचं असंल तं इथं मार, या बायांच्या देखत."

तो पुढं आला. सोनकीबाई उठली आणि मधे उभी राहिली. मग दुसरी उठली. मग एकेक करून सगळ्या. कोणी शिवी दिली नाही की हात उगारला नाही, ओट्या बांधलेल्या तशा त्या नुसत्या उभ्या राहिल्या. माय धापा टाकत पोहोचली तेव्हा तो त्या सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून पाहत होता. म्हणाला, पाहून घेईन. आणि गेला.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही कापसात होतो. चिमीला मुंग्या आल्या, तिनं माझ्या मांडीवर लघवी केली, तरी मी तिच्या तोंडावरचा हात काढला नाही. पावलं ऐकू आली. कडी निघाली. कोणाच्या हातानं निघाली हे कळायला मार्ग नव्हता, आणि मी ठरवलं की हाक आली तरी ओ द्यायची नाही. कोणीतरी दोन्ही हातांनी कापूस उपसत होतं, घाईनं, आंधळ्यासारखं. मग बांगडी वाजली. मावशी होती. तिच्या कमरेची ओटी तशीच बांधलेली होती.

तो पुन्हा कधी आला नाही. बाबांनी पोलीस पाटलाच्या कानावर घातलं, पाटलानं पुढं कळवलं. दोनेक वर्षांनी कानावर आलं की त्यानं दुसरी बाई आणली. हे आज एका ओळीत लिहिता येतं. पण तो येणार नाही हे आम्हाला तेव्हा कोण सांगणार होतं? आम्ही वर्षानुवर्षं त्याची वाट पाहिली. मी लग्न होऊन यवतमाळला आले, तरी दारात फटफटी थांबली की मी आधी मागचं दार पाहायचे. मावशी मात्र बदलली. तिनं शांता नाव टाकून दिलं. गावात शिवणाचं मशीन घेतलं, चिमीला शिकवलं, नर्स केलं. चिमीसमोर त्या दिवसाचा विषय कोणी काढला नाही. ती लहान होती, विसरली असेल, तर विसरू दे, असं मायनं आणि मी ठरवून टाकलं होतं.

मावशी जाऊन वर्ष होत आलं. आणि मागच्या रविवारी त्या मालिकेत, गोड आवाजातल्या त्या बाईचं बोलणं चालू असताना, मावशी हसली. तेच चित्र. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. घरात कोणी तिला ओळखलं नाही. सून म्हणाली, किती गोड बाई आहे. दहाच मिनिटांत चिमीचा फोन आला. आईचा तरुणपणीचा एक फोटो नाही ताई माझ्याजवळ, एवढंच पुन्हा पुन्हा.

दुपारी ती शेजारच्या लोहाऱ्याहून स्कूटर घेऊन आलीच. मोबाइलमध्ये तेवढा तुकडा तिनं उतरवून घेतला होता. सून झोपायला गेली होती, आम्ही दोघीच होतो. तिनं तो लावला. मावशी मान वर करून हसली, आणि चिमीनं विचारलं की आई कशाला हसून राह्यली होती. मी तिला सोनकीबाईचं सांगितलं, एका डोळ्याचं, लग्नाचं. ती खूप हसली. मग मला म्हणाली की पुन्हा लावते, आणि माझ्याकडं पाहून थांबली. माझे गार पडलेले हात मी पदराखाली घेतले होते.

"मले माहीत हाय ताई," ती म्हणाली. "आईनं सांगतलं होतं, माह्या लग्नाच्या आधी. सगळं. बाबाची हाक तं मले आठवतेच. आई म्हणे, नंदाले कधी इचारू नोको. ते अजूनही भेते."

इतकी वर्षं मी समजत होते की मी हिच्यापासून काहीतरी झाकून ठेवलं आहे. मावशीनं माझं भय कधी ओळखलं असेल? दारात गाडी थांबल्यावर मी मागं पाहायचे, ते तिनं पाहिलं असेल.

मी म्हटलं, "हो. भेतो मी."

हे मी जन्मात पहिल्यांदा कोणाजवळ बोलले. नवऱ्याजवळही नाही. चिमीनं मोबाइल उपडा ठेवला, उठून आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं. जाताना तिनं पुढचं दार उघडून ठेवलं होतं. मी ते लावायला उठले, अर्ध्यात थांबले, आणि तशीच परत येऊन तिच्याजवळ गॅसपाशी उभी राहिले.